बांजाच्या पानावरचा ॐ

"मग हा ॐ कुणी लिहिला, महाराज?"

विश्वंभरानं विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता पान पुढं केलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असा त्याचा एकूण आविर्भाव होता.

केशवगिरी बाबांनी पान हातात घेतलं नाही. ते उन्हात बसून डाळ निवडत होते.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. हिमालयाच्या एका उतारावर, बांजाच्या रानात, त्यांचा लहानसा मठ होता. बांज म्हणजे तिकडचा ओक. पान जाड, वरून हिरवं, खालून पांढुरकं. त्यांचा शिष्य विश्वंभर वाईचा. पाठांतर चोख, आवाज खणखणीत, आणि दोन्हींची त्याला पुरेपूर जाणीव.

त्या मठाची एक रीत होती. शिष्यानं चातुर्मास वरच्या गुंफेत एकट्यानं काढायचा आणि उतरताना, तिथं जे गवसलं त्याची एक खूण गुरूपुढं ठेवायची. खूण पटली तर गुरू आपली घोंगडी शिष्याच्या खांद्यावर घालत, आणि पुढं मठ त्याचा. मागं एकजण रिकाम्या हातानं उतरला होता. त्याला बाबांनी पोटभर जेवू घातलं आणि पुन्हा वर धाडलं.

विश्वंभराला ती घोंगडी हवी होती. फार हवी होती. तसं त्यानं कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण तिच्याकडं तो ज्या नजरेनं बघे, त्यावरून गोठ्यातल्या म्हशीलाही कळलं असतं.

यंदा चातुर्मासाला तो वर गेला, त्या गुंफेच्या तोंडाशी बांजाची एक फांदी वाकलेली होती. एके सकाळी तिच्या एका पानावर त्याला पांढरी वळणदार रेघ दिसली. दिवसागणिक ती वाढली, वळली, फिरून वळली... आणि ॐ झाला. चंद्रबिंदू तेवढा नव्हता, तो विश्वंभरानं मनानं घातला. शाई नाही, बोरू नाही. त्यानं पान खुडलं, कपाळाला लावलं आणि डोंगर उतरला. वाटेत दूध घालणारा धनसिंग भेटला, त्यालाही दाखवलं. झालं, खालच्या गावानं पौर्णिमेला दर्शनाला यायचं ठरवून टाकलं.

"वाचा ना, महाराज."

"मला नाही वाचता येत. उन्हात धर, तूच वाच."

विश्वंभरानं पान उन्हात धरलं. रेघेतून उजेड आरपार आला. आत खसखशीसारखे काळे ठिपके होते, अगदी ओळीनं. आणि रेघेच्या टोकाशी फिकट काहीतरी हललं.

"हे काय?"

"मागं टाकलीय ती तिची घाण. पुढं आहे ती लिहिणारी."

मग डाळीतला खडा बाजूला टाकत बाबांनी सांगितलं, की एक बारीकसा पतंग पानावर अंडं घालतो. त्यातली अळी पानाच्या दोन सालींच्या मधे शिरते आणि आतला हिरवा गर खात पुढं सरकते. ती लहान तोवर रेघ बारीक, ती पोसली की रेघ रुंद. ॐची शेपटी जाड का, ते विश्वंभराला आत्ता कळलं.

"अजून भूक आहे तिला," बाबा म्हणाले. "पौर्णिमेपर्यंत आजूबाजूचा गर खाऊन तुझं अक्षर पुसून टाकील."

विश्वंभरानं खालच्या वाटेकडं पाहिलं. गाव येणार होतं.

"काही उपाय?"

"आहे की. चिमटीत धर आणि दाब. अक्षर राहील."

...

त्यानं ती जागा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली. सालीखाली इवलंसं काहीतरी सरकायचं थांबलं. समोर दोरीवर घोंगडी वाळत होती.

"महाराज, आपणच..."

"खूण तुझी."

अळी मारणं म्हणजे काही मोठा पराक्रम नव्हे. वांगं चिरताना अशा किती आपण बोटानं झटकतो आणि त्याच वांग्याचा नैवेद्यही दाखवतो. पण विश्वंभराची चिमूट दाबेना.

"नाही दाबलं तर जगेल का ही?"

"पान तू खुडलंयस. वाळलं की मरेल."

विश्वंभरानं चिमूट सैल केली. मग त्यानं लोट्यात पाणी घेतलं आणि पानाचा देठ त्यात बुडवून ठेवला. दया वगैरे नव्हे. पौर्णिमेच्या सकाळी ठरवू, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं.

आधी शेपटी गेली. मग वरचं वळण गेलं. पौर्णिमेच्या सकाळी त्यानं पुन्हा एकदा पान चिमटीत धरलं. अक्षराचा उरलासुरला आकार अजून ओळखू येत होता. त्यानं चिमूट सोडली आणि पाणी बदललं.

दुपारी गाव आलं, तोवर पानावर करपल्यासारखा एक डाग राहिला होता. खरं तर लोक त्या डागालाही नमस्कार करून गेले असते; त्या तयारीनंच आले होते. विश्वंभरानं एकदा बाबांकडं पाहिलं. बाबा दुसरीकडं पाहत होते.

"ॐ नव्हता," तो म्हणाला. "अळीचं खाणं होतं ते. मी चुकलो."

धनसिंगाची म्हातारी आई खुदकन हसली. आमच्या शेळ्या रोज बांज खातात, म्हणजे त्या पोथ्याच लिहीत असतील, असं काहीसं ती बोलली आणि सगळे हसले. लोकांनी शिरा खाल्ला आणि आणलेले नारळ परत नेले. विश्वंभराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरी लोट्यातलं पाणी तो बदलत राहिला. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी पानाची साल फाटलेली दिसली. लोट्याच्या काठावर तांदळाच्या कणीएवढा पतंग बसला होता, पंखांवर रुपेरी रेघा. विश्वंभर नीट बघायला वाकला, तेवढ्यात तो उडाला. पान आता कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. त्यानं ते गोठ्यातल्या पाचोळ्यात टाकलं, वळकटी बांधली आणि बाबांपुढं येऊन उभा राहिला.

"खूण?" बाबांनी विचारलं.

"नाही, महाराज. हात रिकामा आहे. मी परत वर निघालोय."

बाबांनी त्याचा उजवा हात धरला आणि त्या दिवशीच्या पानासारखा उन्हात वर केला. जी चिमूट दाबली गेली नव्हती, तिचा अंगठा आणि बोट त्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं.

...

"हं," बाबा म्हणाले. "हे वाचता येतं मला."