सातवी वाट

एका कंपनीने डोंगरातल्या पाऊलवाटांचा नकाशा गावोगावच्या लोकांकडून फुकट करून घेतला. लोक मोबाइल घेऊन रानोमाळ चालले. प्रकाशनाच्या दिवशी नकाशावर नाव मात्र एकट्या कंपनीचं.

समारंभात ठकूबाई ढेबे उभी राहिली. "साहेब, आमच्या माणसाचं नाव कुठंय?"

संचालक समजुतीने म्हणाले, "बाई, हजारो लोकांचं काम हे. कुणी कुठली वाट दिली, कसं शोधणार?"

ठकूबाईने नवऱ्याचा मोबाइल पुढे केला. त्यावर कंपनीचा निरोप होता : 'धाकू ढेबे, तुमची सातवी वाट चुकली आहे. पुन्हा चालून पाठवा.'

"पुन्हा चालायला गेले आणि कड्यावरून पडले," ती म्हणाली. "चूक काढायची होती, तेव्हा हजारांत बरोब्बर सापडले होते की हो तुम्हाला!"