टिटवीचा तिसरा शब्द

जिथे जंगल विरळ होत होत संपते आणि माळ सुरू होतो, तिथे एक तळे होते, आणि त्या तळ्याच्या काठी उघड्या जमिनीवर एक टिटवी राहत असे. मुलांनो, टिटवीला झाडावर घरटे बांधणे कधी जमलेच नाही. ती आपली चार खडे गोळा करते आणि जमिनीवरच अंडी घालते. अंडीही अशी खड्यांच्या रंगाची, की पायाशी असली तरी दिसायची नाहीत. उन्हाळ्यात सारे जंगल पाण्याला त्याच काठावर येणार, मग त्यांवर खूर पडायला कितीसा वेळ लागतो? पण या टिटवीला ती धास्ती नव्हती, कारण ती तळ्याची पहारेकरीण होती. पहारेकरणीच्या अंड्यांभोवती पांढऱ्या दगडांचे रिंगण घालायचे आणि त्यात कुणी पाय टाकायचा नाही, अशी तिथली रीत होती. डोंगराएवढे गवेसुद्धा रिंगण दिसले की वळसा घालून जात.

पहाऱ्याचीही एक रीत होती. धोका दिसला की टिटवीने तीन शब्द ओरडायचे : काय आले, कुठे आले आणि कुणी पाहिले. म्हणजे "बिबट्या! करंजाखाली! टिटवी!" असे. आता तुम्ही म्हणाल, जीव वाचवायच्या वेळी हा तिसरा शब्द कशाला? तर ज्याने पाहिले, त्याच्या मागून सगळ्यांनी पळायचे. धोका कुठे आहे हे त्यालाच ठाऊक, तेव्हा सुटकेची वाटही त्यालाच ठाऊक. टिटवीने पाहिले असले तर ती पुढे उडे आणि सारा कळप तिच्यामागून धावे. गोष्ट साधीच होती, पण तिच्यामुळे त्या काठावर कधी चेंगराचेंगरी झाली नव्हती.

मग पहाऱ्यावर एक नवा नाईक आला. तो होता कोल्हा. गोड बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता, आणि गोड बोलूनच त्याने ती जागा मिळवली होती. आल्या आल्या त्याने टिटवीला बोलावले.

"आजपासून तिसरा शब्द बंद," तो म्हणाला. "उगीच वेळ जातो. काय आणि कुठे, एवढं पुरे. कुणी पाहिलं ते मागाहून मी सांगत जाईन."

आणि तो सांगू लागलाही. एका सकाळी वाळल्या गवतात बिबट्याचा नुसता एक कान हलला, तो टिटवीने हेरला आणि हाक दिली. सगळे वाचले. बुजुर्ग सांबर आभार मानायला आला, तर कोल्हा शेपटी झुलवत पुढे झाला. "अहो आजोबा, पहाटेपासून डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. टिटवीताईंना म्हटलं, ओरडा!" टिटवी बाजूला उभी राहून ऐकत होती. चारचौघांत तिची 'टिटवीताई' व्हायची. एकटी सापडली की मात्र 'ए टिटवे, उभी काय राहिलीस?' असा खाक्या. तिला राग येई, पण ती चार अंड्यांकडे बघे आणि तो राग गिळून टाकी.

हे एवढ्यावर थांबले असते तर निभावले असते. पण त्या तळ्याचा आणखी एक नियम होता. उन्हाळ्यात पाणी आटले की तळ्यातल्या माशांना कुणी हात लावायचा नाही. पाण्यातली घाण मासे खातात, आणि मासे संपले की पाणी नासते, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत होते. कोल्ह्यालाही माहीत होते. पण आटलेल्या पाण्यात वळवळणाऱ्या गलेलठ्ठ मरळी बघून त्याच्या तोंडाला पाणी सुटे. एवढ्या डोळ्यांदेखत चोरी करायची कशी? तर ते सगळे डोळे तिथून घालवायचे.

"दुपारी मी लव्हाळ्यात शिरलो की बिबट्या आला म्हणून ओरड," त्याने टिटवीला हुकूम केला.

"पण बिबट्या कुठं आहे, नाईक?"

"तुला रिंगण हवंय ना? मग ओरड!"

टिटवी ओरडली. "बिबट्या! करंजाखाली!" कळप उधळला. कुणामागे पळायचे ते कुणालाच कळेना, म्हणून जो तो वाट फुटेल तिकडे पळाला. त्या धांदलीत हरिणीचे पाडस गाळात पडले आणि त्याचा पुढचा पाय दुखावला. इकडे लव्हाळ्यात कोल्ह्याने पोटभर मासे हाणले. आणि संध्याकाळी सगळे जमले, करंजाखाली बिबट्याच्या पावलाचा एक ठसाही सापडला नाही, तेव्हा हाच कोल्हा काय म्हणाला असेल?

"काय सांगू, आजोबा," त्याने सुस्कारा सोडला, "टिटवीताईंची नजर आता पूर्वीची राहिली नाही. सांभाळून घेतोय बापडीला."

बघा तो निर्लज्जपणा! हुकूम याचा, मासे याच्या पोटात, आणि ठपका तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी टिटवी धीर करून बुजुर्ग सांबराकडे गेली. खरे काय ते सांगायला तिने चोच उघडली. पण सांबर समजूत घालत म्हणाला, "होतं असं वय झालं की. तू मनाला लावून घेऊ नकोस. नाईक सांगत होता, तू आता आमच्यावरच चिडतेस म्हणून." टिटवीने चोच मिटली. आता काहीही सांगितले तरी ती चिडचिड ठरणार होती. कोल्ह्याने ही वाट आधीच बुजवून ठेवली होती.

परतताना तिला हरिणी भेटली. मागून पाडस लंगडत येत होते. हरिणी काही भांडली नाही. तिने एवढेच विचारले, "टिटवीताई, काल बिबट्या पाहिला कुणी होता गं? तू ते सांगितलंच नाहीस. मी पिल्लाला घेऊन कुणाच्या मागं पळायचं होतं?"

टिटवी तिथून उडाली. ती रिंगणात येऊन अंड्यांवर बसली आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा मनात घोळवत राहिली. 'पाहिला कुणी होता?'

चार दिवसांनी कोल्हा पुन्हा आला. मिशांना जीभ लावत म्हणाला, "ए टिटवे, आज दुपारी पुन्हा."

"नाईक, मागच्या वेळी पाडसाचा पाय दुखावला."

"म्हणून काय मी उपाशी राहू? हे बघ, ओरडली नाहीस तर संध्याकाळी हे दगड मी स्वतः काढून टाकीन. पहाऱ्यावर माझा साडू बसायला तयार आहे. मग तुझी अंडी जाणोत आणि गव्यांचे खूर जाणोत."

टिटवीला सगळे लख्ख दिसत होते. ओरडले नाही तर आज रिंगण जाणार. ओरडले तर पुन्हा ठपका येणार, आंधळी ठरून उद्या रिंगण जाणार. तिने शांतपणे विचारले, "मी ओरडेन. फक्त एक सांगा, नाईक. बिबट्या पाहिला कुणी?"

"मी पाहिला!" कोल्हा खेकसला. "इथला नाईक कोण? मी पाहिला म्हणतो म्हणजे पाहिला. पुन्हा तोंड वर करून विचारू नकोस."

"बरं," टिटवी म्हणाली.

दुपारी ऊन तापले. काठावर गवे, सांबरे, हरणे पाण्याला लागली होती. हरिणी पाडसाला धक्का लागणार नाही अशी कडेला उभी होती. कोल्हा इकडेतिकडे बघत लव्हाळ्यात शिरला. टिटवीने एकदा अंड्यांकडे पाहिले, मग भरारी घेऊन ती कळपाच्या डोक्यावर आली आणि आयुष्यात ओरडली नव्हती इतक्या मोठ्याने ओरडली.

"बिबट्या! करंजाखाली! कोल्हा!"

कळप दचकला. पाडसाने आईला अंग चिकटवले. तिसरा शब्द त्या काठावर कितीतरी दिवसांत कुणी ऐकला नव्हता, आणि टिटवीला वाटले, की आता हे सगळे पुन्हा चौफेर उधळतात की काय! पण बुजुर्ग सांबराने मान वर केली. जुनी रीत त्याच्या रक्तात होती.

"कोल्ह्यानं पाहिलाय!" तो गरजला. "कोल्ह्याच्या मागून चला!"

लव्हाळ्यात कोल्ह्याची शेपटी हलताना दिसली, आणि गवे, सांबरे, हरणे असा अख्खा कळप एका दमात, एका रांगेत, धावला तो थेट तिकडेच.

तिथे कोल्हा गुडघाभर पाण्यात उभा होता. तोंडात हातभर लांबीची मरळ होती आणि काठावर आणखी तीन तडफडत होत्या. काठ एव्हाना ओस पडला असेल, या भरवशावर तो निवांत होता. मान वर करतो तर काय, चारही बाजूंनी शिंगेच शिंगे!

"नाईक, लवकर!" सांबर धापा टाकत म्हणाला. "बिबट्या कुठल्या बाजूला आहे? कुठून पळायचं?"

कोल्ह्याला बोलता येईना, आणि मरळ टाकवेना. अखेर ती त्याच्या तोंडातून सुटून पाण्यात पडली.

"कसला बिबट्या?" तो गडबडीत म्हणून गेला.

सांबराने मासे पाहिले, कोल्ह्याचे पाण्याने थबथबलेले पाय पाहिले, आणि त्याला सगळे कळून चुकले. "बिबट्या तुम्ही पाहिलात," तो सावकाश म्हणाला, "आणि मग इथं मासे धरत बसलात?"

"मी कुठं पाहिला? ही टिटवी खोटारडी आहे! आंधळी आहे!"

"तुम्हीच म्हणालात, नाईक," टिटवी वरून उतरत म्हणाली. "मी विचारलं, पाहिला कुणी? तुम्ही म्हणालात, मी पाहिला. मी तेवढंच सांगितलं." मग ती हरिणीकडे वळली. "पण त्या दिवशीची हाक खोटी होती. हुकूम यांचा होता, तोंड माझं होतं. मी घाबरले. तुझ्या लेकराचा पाय माझ्यामुळं दुखावला."

टिटवीला वाटले, आता रिंगण गेलेच. मग हरिणी म्हणाली, "पाय बरा होतोय त्याचा. आणि आज तुझ्या हाकेनं आम्ही सगळे एका वाटेनं धावलो. आज कुणी पडलं नाही."

"चूक आमचीही आहे," सांबर मान खाली घालून म्हणाला. "तिसरा शब्द बंद झाला तेव्हा आम्ही विचारलं नाही. तू सांगायला आलीस तेव्हा ऐकलं नाही."

शिंगे बाजूला झाली आणि मधून वाट मिळाली, तसा कोल्हा त्या वाटेने जो गेला तो साडूच्या गावापर्यंत थांबला नाही. नाईकाच्या जागेवर बसशील का, असे टिटवीला सगळ्यांनी विचारले. ती म्हणाली, "मला पहारा पुरे. फक्त तिसरा शब्द पुन्हा कुणी बंद करायचा नाही." ते सगळ्यांनी मान्य केले.

आठवडाभराने अंडी फुटली. टिटवीची पिल्ले मोठी घाईची असतात, अंग वाळले की लगेच धावत सुटतात. ती चारही पिल्ले रिंगण ओलांडून थेट पाण्यावर आलेल्या कळपाच्या पायांत शिरली. टिटवीचा जीव खालीवर झाला. पण साऱ्या काठावर एक खूर हलला नाही. एका गव्याने तर उचललेला पाय तसाच हवेत धरला, आणि पिल्ले आईच्या पंखाखाली परत जाईपर्यंत तो तीन पायांवर उभा राहिला.

तात्पर्य : वरच्याचा खोटा हुकूम आपला म्हणून बोलू नये; तो ज्याचा आहे त्याच्या नावासकट चारचौघांत मोठ्याने सांगावा, म्हणजे जाब त्यालाच द्यावा लागतो.