चिलारवाडीची कोंडाई

फार वर्षांपूर्वी, रुपया चांदीचा होता आणि पेठेला जायला नुसती पायवाट होती, तेव्हाची ही गोष्ट. माणदेशाच्या कोरड्या टापूत चिलारवाडी नावाचं गाव होतं. गाव अजून आहे. भोवती चिलारीची काटेरी जाळी, मधे तीस-पस्तीस घरं, आणि घराघरात घोंगडी विणायचा माग. सनगरांचं गाव ते. मेंढरांची लोकर घ्यायची, बायांनी सूत कातायचं, पुरुषांनी विणायचं आणि बाजाराला पेठेत जाऊन विकायचं, अशी तिथली रीत.

त्या गावात मसू सनगर नावाचा विणकर होता. त्याच्या बायकोचं नाव सुंद्रा. त्यांना नऊ वर्षांची एक मुलगी होती, बानू. मसूच्या हातात कला होती आणि खिशाला भोक होतं. त्यानं धाकट्या भावाच्या लग्नात पेठेच्या दौलूशेटकडून पैसे काढले आणि पाच गावं जेवू घातली. भाऊ बायको घेऊन दुसऱ्या मुलखात गेला. कर्ज मसूच्या घरात राहिलं.

मग एका चैत्रात मसूला ताप भरला आणि तीन दिवसांत तो गेला.

सुंद्रानं कपाळ पुसलं. दहाव्या दिवशी भावकी जमली. जाणते म्हणाले, "मसूनं पाच गावं जेवू घातली. त्याच्या तेराव्याला निदान आपलं गाव तरी जेवलं पायजे. शेट न्हाई म्हणायचा न्हाई."

सुंद्रा उंबऱ्याच्या आत बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "जेवण व्हायचं न्हाई."

"लोक काय म्हनतील, सुंद्रे?"

"लोक एक दीस म्हनतील. शेट धा वर्सं म्हनंल. मेलेल्याला घास द्यायला मी जित्या लेकीला गहाण टाकू व्हय?"

तेराव्याला तिनं आलेल्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि तांब्याभर पाणी दिलं. लोक रागानं उठून गेले. पुढं कित्येक महिने पाणवठ्यावर तिच्याशी कोणी बोललं नाही, असं म्हणतात.

वैशाखात दौलूशेट घोडीवर बसून आला. वही उघडून त्यानं आकडा सांगितला. मुद्दल आणि व्याज मिळून सहा विसा, म्हणजे एकशेवीस रुपये. त्या काळी वीस रुपयांत चांगली गाय येत असे.

शेट म्हणाला, "तुझ्यानं काय फिटायचं न्हाई. माग मी घेऊन जातो. आणि पोरगी दे माझ्या घरी कामाला. फिटेपर्यंत राहील."

"कधी फिटंल?"

"ते वही सांगेल."

सुंद्राला अक्षर येत नव्हतं, पण या बोलण्याचा अर्थ तिला कळला. तिनं बानूला मागं सारलं आणि पाटलाला बोलावून आणलं. बिरोबाच्या देवळापुढं तिनं शेटला सांगितलं, "आजपासून याज वाढवायचं न्हाई. मला तीन दसरे द्या. तिसऱ्या दसऱ्याला एक रुपया जरी ऱ्हायला, तर माग न्या, घर न्या, आन् पोरीला मी सोता तुमच्या दारात सोडीन."

शेट हसला. विधवा बाईचं घर, मागावर बसायला पुरुष नाही. तो म्हणाला, "देवापुढं बोललीस हं." आणि त्यानं शपथेचा बेल उचलला. तिनंही उचलला.

दुसऱ्या दिवशी सुंद्रा मागाच्या खड्ड्यात उतरली. बाईमाणूस मागावर बसलेलं चिलारवाडीनं कधी पाहिलं नव्हतं. पहिलं घोंगडं वाकडं निघालं. दुसरं थोडं कमी वाकडं. सातवं विणलं तेव्हा शेजारचा म्हातारा विणकर कुंपणावरून बघून गेला आणि आपला जुना हत्या, म्हणजे विणताना सूत ठोकून बसवायची फळी, तिच्या दारात ठेवून गेला.

पण नुसतं विणून कर्ज फिटत नाही, हे तिला लवकरच कळलं. मसूही विणतच होता की! मग पैसा जातो कुठं? तिनं दोन दोऱ्या घेतल्या. काळ्या लोकरीची एक, पांढऱ्या लोकरीची एक. घरात आणा आला की काळ्या दोरीला गाठ, घरातून आणा गेला की पांढऱ्या दोरीला गाठ. महिना झाल्यावर तिनं दोन्ही दोऱ्या शेजारी शेजारी भिंतीला टांगल्या. पांढऱ्या दोरीवर गाठी जास्त होत्या.

"आये, आपुन तर कायबी घेतलं न्हाई," बानू म्हणाली.

"तेच तर बघायचंय."

मग ती एकेक गाठ आठवत बसली. लोकरीचे पैसे जात होते, ते जायचेच. पण बाकीचं? ताण्याला खळ द्यायला चिंचोके लागतात, ते शेटच्या दुकानातून यायचे. दिव्याला तेल. मीठ, मिरची. सगळं उधार, आणि उधार घेतलं की दुकानदार माप हलकं घालतो आणि भाव जड लावतो.

त्या दिवसापासून सुंद्रानं उधार बंद केलं. हातात पैसा असेल तर वस्तू घरात येईल, नसेल तर त्या वस्तूशिवाय दिवस जाईल. चिंचेखाली पोरं गाभुळलेल्या चिंचा खाऊन चिंचोके थुंकायची, ते ती आणि बानू वेचायच्या. एका उन्हाळ्यात त्यांनी दोन पोती भरली. ते भाजून, भरडून, शिजवून सुंद्रा घरचीच खळ करू लागली. स्वयंपाक आणि जेवण उजेडी उरकू लागलं, म्हणजे तेल देवापुरतंच लागायचं.

घरात तिनं तीन गाडगी मांडली. घोंगडं विकलं की पहिल्यांदा लोकरीच्या गाडग्यात, मग शेटच्या गाडग्यात, आणि उरेल ते घरच्या गाडग्यात. खायचं फक्त घरच्या गाडग्यातून. दर दुसऱ्या बाजाराला ती पेठेत जायची आणि दौलूशेटच्या ओसरीवर दोन रुपये ठेवायची. त्यासाठी तिसरी दोरी केली होती, काळ्यापांढऱ्या पिळाची. एका खेपेला एक गाठ. अशा साठ गाठी व्हायच्या होत्या.

घरचं गाडगं बऱ्याचदा रिकामं असायचं. तेव्हा सुंद्रा शेजारणींकडून कोंडा मागून आणायची, त्या तो चाळून टाकूनच देणार असायच्या. त्याचा मोबदला म्हणून ती त्यांची लोकर पिंजून द्यायची. त्या कोंड्यात लसूण आणि रानातली पाथरीची भाजी घालून ती असे काही धपाटे करायची, की वास गल्लीभर जायचा. कोंड्याचा मांडा करणं आपण नुसतं म्हणतो, तिनं ते केलं. बाया आधी थट्टेनं तिला कोंडाबाई म्हणू लागल्या. मग कोंडाबाईची कोंडाई झाली.

एकदा बानू दोन दिवस नुसत्या आंबलीवर होती. तिनं शेटच्या गाडग्यावरची झाकणी उचलली आणि म्हणाली, "आये, ह्यात हाय की."

कोंडाईनं झाकणी परत ठेवली. "ते आपलं न्हवं, बाळे. ते निस्तं आपल्या घरात ठिवलंय."

पोर रडली. आईसुद्धा त्या दिवशी रडली, पण गाडगं उघडलं नाही, असं म्हणतात.

दुसऱ्या साली पाऊस आला नाही. धनगर मेंढरं घेऊन लांब खोऱ्यात निघून गेले आणि चिलारवाडीत लोकर यायची बंद झाली. माग थांबले. घरोघरची माणसं पेठेला गेली आणि शेटच्या वहीत अंगठे उठवून धान्य घेऊन आली. कोंडाईच्या घरी शेटच्या गाडग्यात दोन खेपांपुरते पैसे होते. पुढं काय?

ती पहाटे गावाबाहेर गेली. चिलारीच्या जाळीतून वर्षानुवर्षं मेंढरं गेली होती आणि काट्याकाट्याला लोकरीचे पुंजके अडकून राहिले होते. ते कोणी कधी काढले नव्हते, कारण चिलारीचा काटा आकड्यासारखा वाकडा असतो, हात घातला की सोडत नाही. कोंडाईनं हात घातला.

आठ महिने ती त्या जाळ्यांत फिरली. बानू बाहेरचे पुंजके काढायची, ती आतले. अंगावर धड कपडा नव्हता, हातावर कातडं नव्हतं. असं म्हणतात, की पहिल्या महिन्यात काट्यांनी तिचं रक्त घेतलं, दुसऱ्या महिन्यात ते बोथट झाले, आणि तिसऱ्या महिन्यात ती येताना दिसली की जाळ्या आपणहून उघडू लागल्या. असंही म्हणतात, की काल निवडलेल्या झुडपाला आज पुन्हा लोकर दिसायची, जशी वेलीला फुलं येतात. आणि त्या लोकरीच्या घोंगड्यातून पाऊस आत शिरत नसे, थंडी शिरत नसे, आणि पांघरणाऱ्याला वाईट स्वप्न पडत नसे. दुष्काळातही लोक त्या घोंगड्याला दुप्पट दाम देऊन गेले. त्या सालात कोंडाईची एकही खेप चुकली नाही.

तिसरा दसरा आला. कोंडाई शेवटचे दोन रुपये पदराला बांधून निघाली. पाटील आणि गावातले चारजण बरोबर निघाले. आपण साक्षीला म्हणून जातोय असं ते म्हणत होते, पण खरं तर त्यांना बघायचं होतं.

ओसरीवर शेटनं पैसे मोजले, वही उघडली, बोट फिरवलं आणि मान हलवली.

"अजून एक विसा रुपये बाकी आहेत. पहिल्या पावसाळ्यातलं काहीच जमा नाही इथं."

पाटील कोंडाईकडं बघू लागला. बानू आईच्या मागं सरकली. ती आता बारा वर्षांची होती आणि त्या घराचा दरवाजा केवढा मोठा आहे, हे तिला दिसत होतं.

कोंडाईनं कमरेची पिशवी सोडली आणि काळ्यापांढऱ्या पिळाची दोरी बाहेर काढली.

"सुतावर हिशेब?" शेट हसला. "सुताला काय जीभ असते?"

"मला हाय," कोंडाई म्हणाली.

तिनं पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. "ही आषाढातली. त्या दिवशी तुमच्या दारात शिंगरू इकायला आलतं, उजव्या डोळ्यावर पांढरा ठिपका. तुमी पैसे घेतले, म्हनला वही आत हाय, मागनं लिवतो." दुसरी गाठ. "ही नागपंचमीच्या मागनं. तुमच्या ओसरीचा वासा बदलत हुते, सुतारानं मला बाजूला बस म्हनून सांगितलं. तुमी म्हनला, मागनं लिवतो." तिसरी गाठ. "ह्या दिवशी लय पाऊस. मी थंडीनं कुडकुडत हुते. आतनं तुमच्या आईसायबांनी सुंठीचं पानी पाठवलं. तुमी पैसे मोजले, दोनदा."

दहाही गाठी तिनं सांगितल्या. कुठं अडखळली नाही. शेट म्हणाला, "गोष्टी कुणालाही रचता येतात."

तेवढ्यात आतला पडदा हलला. शेटची म्हातारी आई काठी टेकत उंबऱ्यात आली. ती कधी ओसरीवर येत नसे.

"सुंठीचं पाणी मी पाठवलं होतं, दौलू," ती म्हणाली. "मी पडद्यामागंच उभी होते. रुपये दोन होते आणि तू ते कनवटीला लावलेस. लिही आता. मी बघते लिहिताना."

लोक सांगतात, की त्या क्षणी वहीतली खोटी शाई पाण्यासारखी ओघळून गेली. ओघळली की नाही, देव जाणे. पण शेटनं खाली मान घालून दहा हप्ते लिहिले, खातं आडव्या रेघेनं मारलं आणि पाटलानं ते वाचून दाखवलं. कोंडाईनं वाकून म्हातारीच्या पायावर डोकं ठेवलं. मग तिनं बानूचा हात धरला आणि दोघी पायवाटेला लागल्या. वाटेत त्यांनी एक आण्याची शेव घेतली, रोख देऊन, आणि चालता चालता सगळी खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात पाणवठ्यावर एक बाई तिच्या शेजारी घागर घेऊन उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "कोंडाई, मला बी गाठी माराया शिकीव." मग दुसरी आली. मग बाप्ये आले, लाजत, अंधार पडल्यावर. कोंडाई कोणाला उपदेश करत नसे. ती एवढंच म्हणायची, "एक महिना दोऱ्या टांगा, मग मला बोलवा." महिन्यानं त्या घराला स्वतःलाच कळलेलं असायचं. गावानं मिळून लोकर घ्यायला सुरुवात केली, मिळून चिंचोके साठवले. बारा वर्षांत चिलारवाडीतलं शेवटचं घर शेटच्या वहीतून बाहेर पडलं, असं म्हणतात.

कोंडाई खूप जगली. बानूनं गावातलाच विणकर केला आणि म्हातारपणी तीच आईजवळ होती. फाल्गुनी अमावस्या होती, पाडव्याचा आदला दिवस, वर्षाचा शेवटचा. दुपारी कोंडाईचा श्वास अडू लागला. घरातले जमले. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी पाणी.

तिनं डोळे उघडले. "बानू, परवा पाव्हनं आलं तवा शेजारनं वाटीभर पीठ आनलं व्हतं."

"देऊ की, आये. आता पड गप."

"आत्ता दे. शीग लावून दे."

बानूनं पिठाची वाटी शिगोशीग भरली आणि धावत शेजारी गेली. शेजारीण दारातच रडू लागली, "अगं, आता काय पीठ? ऱ्हाऊ दे." बानूनं पीठ तिच्या परातीत ओतलं आणि रिकामी वाटी घेऊन परत आली. आईला ती दिसेल अशी धरली.

"फिटलं का?" कोंडाईनं विचारलं.

"फिटलं, आये."

मग ती गेली. तिच्या तेराव्याला भावकी आपापल्या घरून शिधा घेऊन आली आणि सगळं गाव जेवलं.

चिलारवाडीत अजूनही फाल्गुनी अमावस्येला दिवस मावळायच्या आत उसनं परत करतात. चाळण, शिडी, पाण्याची मोटार, दुधाची किटली, शंभराची नोट, जे असेल ते. पीठमीठ असेल तर शीग लावून. देणारा विचारतो, "फिटलं का?" घेणारा म्हणतो, "फिटलं, कोंडाईच्या नावानं." ज्याचं घेतलं तो माणूस वारला असेल, तर त्याच्या उंबऱ्यावर ठेवून तेच विचारतात आणि घरातलं लहान पोर उत्तर देतं.

गेल्या साली त्या अमावस्येला गावातला एकजण पुण्याहून सहा तास एसटीत बसून आला. त्याच्या पिशवीत फक्त एक पाना होता, सायकलचा, चुलत्याचा. तो चुलत्याच्या हातात दिला, उत्तर ऐकलं, चहासुद्धा न घेता तो शेवटच्या गाडीनं परत गेला.