मास्तरांची रिकामी भांडी

एकदा एका गावातल्या चर्चचे एक वृद्ध पाळक होते आणि, आडपडदा न ठेवता सांगायचे तर, ते तारण, म्हणजे पापातून सुटका, या विषयाला अगदी विटले होते. तारणाला नव्हे, त्याविषयी बोलणाऱ्यांना. चाळीस वर्षे त्यांनी मंडळीला एकच गोष्ट सांगितली होती, की तारण हे देवाचे दान आहे, ते कमवायचे नसते, घ्यायचे असते. चाळीस वर्षे मंडळीने माना डोलावल्या होत्या. आणि दर रविवारी उपासना संपली की कोणीतरी दाराशी गाठून हळूच विचारीतच असे, "ते सगळं खरं, पाळकसाहेब, पण आपण नेमकं करायचं काय?"

त्यांच्या हाताखाली एक शिष्य शिकत होता. प्रामाणिक, अभ्यासू आणि भलताच नीटनेटका. त्याने पुढच्या रविवारचे प्रवचन लिहून आणले होते. विषय होता तारणाच्या सात पायऱ्या. पायऱ्यांची नावे लाल शाईत, पोटमुद्दे निळ्या शाईत. पाळकांनी तिसऱ्या पायरीपर्यंत वाचले आणि वही मिटली.

"अरे, ह्या पायऱ्या चढून माणूस वर पोचत असता, तर प्रभूला खाली उतरायचं काय अडलं होतं?"

शिष्य दुखावला. "पण बाबा, माणसाने काहीच करायचं नाही, असं लोकांना कसं सांगायचं? फुकट म्हटलं की लोकांना किंमत राहत नाही."

पाळक उत्तर देणार तोच एस्तेरबाई दारात उभी राहिली. ती शेजारच्या गल्लीत राहणारी, तोंडाने फटकळ आणि हाताने उदार. तिच्या हातात भरलेला डबा होता.

"पाळकसाहेब, आता तुम्हीच चला. आढाव मास्तरांनी आज पण डबा परतवला. जेवण झालंय म्हणतात. आठ दिवस झाले, त्यांच्या घरात गॅस पेटलेला नाही. जेवण झालं कुठून?"

आढाव मास्तर हे शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. नाताळनंतर त्यांची पत्नी सलोमीबाई वारली आणि महिन्याभरात मास्तरांना टायफॉइडने धरले. ताप उतरला, पण अंगात उभे राहण्याचे त्राण उरले नाही. डॉक्टरांनी बजावले होते, की पोटात अन्न गेले नाही तर औषध काही करू शकणार नाही, आणि या वयात असेच चालले तर महिनाभरही निघणार नाही. सुरुवातीला शेजाऱ्यांनी पाठवलेले अन्न मास्तर घेत होते. मग एकाएकी घेईनासे झाले. पाण्यात टोस्ट बुडवून दिवस काढीत होते.

पाळकांनी शिष्याला पुढे पाठवले. "जा, बघून ये काय झालंय. आणि प्रवचन देऊ नकोस."

शिष्य तासाभराने परत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता.

"बाबा, केवढा स्वाभिमानी माणूस! त्यांच्या ओट्यावर शेजाऱ्यांची नऊ भांडी पडून आहेत. घासून, पुसून, पालथी घालून ठेवलेली. पण परत पाठवायची कशी? त्यात घालायला घरात काही नाही. बाजारात जायची ताकद नाही. आणि पहिलं भांडं परत गेलं नसताना दुसरं घ्यायचं कसं? म्हणून अन्न घेत नाहीत."

आता हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नकोच. आपल्याकडे कोणाचे भांडे रिकामे परत करीत नाहीत. शेजारणीने वाटीभर आमटी दिली, तर ती वाटी परत जाताना तिच्यात काहीतरी जाते. लाडू, चटणी, चार पेरू, अगदीच काही नाही तर चिमूटभर साखर. रीत गोड आहे, मी तिला नावे ठेवीत नाही. पण या रीतीपायी एक शहाणासुरता माणूस, ज्याने दोन पिढ्यांना भागाकार शिकवला, तो अन्नाने वेढलेला असताना उपाशी मरायला निघाला होता. याला स्वाभिमान म्हणावे की हट्ट, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला विचाराल तर हट्ट.

"मग मी तोडगा काढला," शिष्य म्हणाला. "येताना किलोभर साखर घेतली, परत गेलो आणि प्रत्येक भांड्यात दोन-दोन चमचे घालून आलो. मास्तरांना हायसं वाटलं. आता भांडी परत गेली की झालं."

पाळकांनी कपाळावर हात मारला. "आणि पुढच्या नऊ भांड्यांना? परत एक किलो? अरे, तू त्यांचा रोग बरा नाही केलास, त्याला खुराक दिलास!"

ते उठले आणि काठी टेकीत मास्तरांच्या घरी गेले. मास्तर आतल्या खोलीत पडून होते, त्यांचा डोळा लागला होता. पाळक सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि त्यांनी एक विचित्र गोष्ट केली. प्रत्येक भांड्यातली साखर त्यांनी शिष्याच्या पिशवीत परत ओतली. वाटीच्या कडेला चिकटलेले दाणेही बोटाने निपटून काढले. मग नऊच्या नऊ भांडी एका गोणपाटाच्या पिशवीत भरली आणि ती शिष्याच्या खांद्यावर दिली.

"चल. भांड्यांवर नावं कोरलेली आहेत. ज्याचं त्याला देऊन येऊ."

"बाबा, रिकामी?" शिष्याने विचारले.

"रिकामी."

त्या दुपारी गावाने जे पाहिले ते यापूर्वी पाहिले नव्हते. पुढे काठी टेकीत वृद्ध पाळक, मागे मान खाली घालून शिष्य, आणि त्याच्या खांद्यावर खणखणणारी पिशवी. पहिले घर एस्तेरबाईचे. पाळकांनी पातेले तिच्या हातात दिले. तिने सवयीने आत डोकावून पाहिले. शिष्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे असे झाले.

"रिकामं आहे," पाळक म्हणाले. "मास्तरांकडे द्यायला काही नाही."

एस्तेरबाई एकदम भडकली. "एवढ्यासाठी? मला वाटलं, माझ्या हातचं त्यांना पसंत पडत नाही! सलोमीवहिनीच्या हाताची सवय, माझं तिखट त्यांना सोसत नसेल, असं म्हणत मी आठ दिवस स्वतःला खात बसले. नुसतं पातेलं पाठवलं असतं तर मी काय त्यांना फासावर दिलं असतं?" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "बरं झालं आणलंत. माझ्याकडे झाकणाचं पातेलं हे एकच आहे. डब्यात मऊ भात नीट राहत नाही."

दुसरे घर शकीलाभाभींचे. त्या म्हणाल्या, "मास्तरांनी माझ्या तिन्ही पोरांना शिकवलं, पाळकसाहेब. मी काय त्यांच्याकडून डब्यात साखर मागणार?"

"आणि शिकवलं नसतं तर?" पाळकांनी विचारले.

भाभींना प्रश्नच कळला नाही. "तरी दिलंच असतं की! माणूस आजारी आहे."

सगळीच घरे अशी निघाली असे मी सांगणार नाही, कारण ते खरे नाही. चौथ्या घरातल्या सुंदराबाईंनी रिकामा कडीचा डबा पाहून नाक मुरडले. "असं रिकामं भांडं कोणी दारात आणतं का?"

"आणतात. मी आणलंय," पाळक म्हणाले आणि पुढे चालू लागले.

निम्मी भांडी परत करून झाल्यावर शिष्याने धीर करून विचारले, "बाबा, हे सगळं ठीक. पण अशाने माणसं आयतोबा होतील. सत्कर्मांचं काय? शास्त्रात ती सांगितलेली आहेत ना?"

पाळक रस्त्यातच थांबले. दम लागला होता की संताप आला होता, हे शिष्याला कळेना.

"मग सांग, एस्तेर भाकरी का थापते? स्वर्गात जागा मिळावी म्हणून? तिला मी बारा वर्षांपूर्वी पाहिलंय. नवऱ्याने टाकलेली, कडेवर पोर, चर्चच्या ओसरीवर बसलेली. सलोमीबाईंनी तिला घरात घेतली. का घेतली, परत काय देशील, काही विचारलं नाही. त्या दिवसापासून त्या बाईचा हात थांबलेला नाही. जो स्वतः पोटभर जेवला, त्याला दुसऱ्याची भूक कळते. सत्कर्मं येतात रे, आपोआप येतात. पण ती जेवणानंतर येतात. तू जेवायच्या आधीच पानावर बसायची फी मागतोस."

शिष्याने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. उरलेली भांडी दोघांनी देऊन टाकली.

दोघे परतले तेव्हा मास्तर खाटेवर उठून बसले होते. दारातून दिसणारा ओटा मोकळा पाहून त्यांना आनंद झाला होता. "भांडी पोचली? साखर सगळ्यांना पुरली ना?"

"साखर काढून घेतली," पाळक म्हणाले. "रिकामी दिली सगळी."

मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. मग लाल झाला. एवढ्या अशक्त माणसाच्या आवाजात इतका जोर कुठून आला कोण जाणे. "चव्वेचाळीस वर्षं! चव्वेचाळीस वर्षांत या घरातून कधी रिकामं भांडं बाहेर गेलं नाही. सलोमीने स्वतः उपाशी राहून भांडी भरली आहेत. आणि तुम्ही एका दुपारात माझी अब्रू धुळीला मिळवलीत! तोंड कसं दाखवू मी आता?"

"अहो मास्तर, तोंड दाखवायला आधी जगायला हवं!" पाळकांनी काठी जमिनीवर आपटली. "मला वीट आला आहे तुमचा. तुमचा एकट्याचा नाही, सगळ्या मंडळीचा. दर रविवारी तुम्ही पुढच्या बाकावर बसून कृपेची गीतं गाता. इतकी छान गाता, की मागचे लोक तुमच्या सुरावर गातात. आणि कृपा दारात डबा घेऊन उभी राहिली, की सांगता, जेवण झालंय! देवालाही आपण हेच सांगत आलो. त्याने आपला पुत्र दिला, आणि आपण घरात शोधतोय की त्याच्या भांड्यात घालायला काही आहे का. उपवास घालू, दान घालू, चांगली वागणूक घालू. काही सापडलं की मग घेऊ म्हणतो. सापडत नाही. कोणालाच सापडलेलं नाही. मग आपण दार लावून घेतो आणि त्याला स्वाभिमान असं नाव देतो."

मास्तर खाली पाहत होते. पाळकांचा आवाज उतरला. ते खाटेच्या कडेला टेकले.

"प्रभूच्या शेजारी वधस्तंभावर जो चोर होता, त्याचा विचार करा. त्याचे हात खिळलेले होते, मास्तर. चिमूटभर साखर घालायलासुद्धा त्याला हात मोकळा नव्हता. चोरलेलं परत करायला वेळ नव्हता. आपली आठवण ठेवावी, एवढंच तो म्हणाला. आणि त्याच दिवशी तो स्वर्गात गेला. तारण झालेल्या माणसांत त्याच्याइतकं रिकामं भांडं दुसरं नाही, आणि प्रभूने सोबत म्हणून त्यालाच नेलं. मला याहून जास्त काही समजावता येत नाही. चाळीस वर्षं एवढंच समजावतोय."

मग मास्तर हळूच म्हणाले, "भांड्यात काय घालायचं ते सलोमी बघायची. मला तर साखरेचा डबा कुठे असतो तेही ठाऊक नाही. मला वाटलं, निदान एवढं तरी तिच्यासारखं चालू ठेवावं." आणि ते रडू लागले. पत्नी गेल्यापासून त्यांना कोणी रडताना पाहिले नव्हते.

इतक्यात दारात एस्तेरबाई आली. तेच झाकणाचे पातेले. आत मऊ भात, वर मुगाचे वरण आणि तुपाची धार. तिने विचारले नाही, की घेता का. खाटेपाशी स्टूल ओढले, पातेले ठेवले आणि चमचा मास्तरांच्या हातात दिला. हात इतका थरथरत होता, की पहिला घास सदऱ्यावर सांडला. दुसराही सांडला. शिष्य पुढे झाला, त्याने मास्तरांच्या मनगटाला आधार दिला आणि मास्तरांनी तोंड उघडले.

अर्धे पातेले संपायला अर्धा तास लागला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला, गालांवर थोडा रंगही आला. एस्तेरबाई पातेले उचलू लागली तेव्हा मास्तरांची नजर सवयीने ओट्याकडे गेली. तिथे काही नव्हते. त्यांनी डोळे मिटले, उघडले, आणि पातेले दोन्ही हातांनी धरून तसेच, खरकटे, तिच्यापुढे केले.

"एस्तेर," ते म्हणाले, "उद्या मीठ जरा जास्त घाल."

एस्तेरबाई हसली आणि हसता हसता तिने पुन्हा डोळ्यांना पदर लावला. शिष्य मास्तरांच्या मनगटावरचा हात काढायचे विसरून गेला होता. देवाकडून घ्यायचे ते इतक्याच हक्काने घ्यायचे असते, आणि नेमके तेवढेच आपल्याला जमत नाही.