मिठाचे आईबाप

पानात वाढलेले पदार्थ एकमेकांशी तोंडाला तोंड देत, त्या काळातली ही गोष्ट. एका लग्नाच्या पंगतीत केळीच्या पानावर रिवाजाप्रमाणे सगळ्यात आधी मीठ वाढलं. मग शेजारी लोणचं आलं आणि आल्या आल्या त्याने नाक मुरडलं.

"पहिला मान याला?" लोणचं म्हणालं. "याचा बाप सोडियम! पाणी लागलं की पेट घेतो, म्हणून त्याला रॉकेलात बुडवून ठेवतात. आई क्लोरीन, तिच्या नुसत्या वासाने जीव गुदमरतो. असल्या घरातलं पोर पानात? ऊठ इथून!"

"आम्ही नाही याच्या पंगतीला बसणार," चटणीने री ओढली.

मीठ संतापलं. "माझे आईबाप काढू नका! बाबांना एक इलेक्ट्रॉन जड झाला होता आणि आईला नेमका तेवढाच हवा होता. त्यांनी दिला, तिने घेतला. तेव्हा भडका उडाला खरा, पण त्यानंतर दोघंही निवली. मला खाऊन आजवर कोण पेटलं? कोण गुदमरलं? सांगा ना!"

लोणचं नुसतं गुरगुरलं, "ऊठ म्हटलं ना!"

"ठीक आहे. पण जाताना माझी सगळी माणसं घेऊन जाणार," असं म्हणून मिठाने हाक मारली.

चटणीतलं मीठ उठलं. लोणच्याच्या फोडीफोडीतलं मीठ उठलं. चटणी जागच्या जागी पुळचट झाली. आणि वर्षभर टिकायची ऐट मिरवणाऱ्या लोणच्यावर, वरणभात वाढून होण्याआधीच, बुरशीचा पहिला पांढरा ठिपका उमटला.