पहिल्या बाकावरून ऐकलेले गाणे

एकदा एका वृद्ध ऑर्गनवादकाने आपल्या शिष्याला भर तालमीतून उठवले आणि सर्वांकडे पाठ करून बसवले, त्याची ही गोष्ट. वसईकडच्या एका चर्चमध्ये हे मास्तर चाळीस वर्षे ऑर्गन वाजवीत आले होते. माणूस मितभाषी, रागावणे ठाऊकच नाही. शिष्याचे नाव जोएल तुस्कानो.

जोएलचे वडील त्याच चर्चच्या गायकवृंदात गात. ते गेल्यावर त्यांच्या वहीत एक भक्तिगीत सापडले. शब्द होते, चाल होती, पण साथीचे कॉर्ड, म्हणजे गिटारवर एकत्र छेडायचे स्वर, लिहायचे राहून गेले होते. वडिलांना जाऊन वर्ष होईल त्या दिवशीच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीला, ते गीत प्रथमच गायले जाणार होते, आणि कॉर्ड लिहिण्याचे काम जोएलने अंगावर घेतले. कामावरून आला की तो कॉम्प्युटरसमोर बसे आणि स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ओळीच्या डोक्यावर कॉर्डच्या खुणा भरी. आणि भरी म्हणजे किती! कुठे त्रिकोण, कुठे वर्तुळ, कुठे कंसात दोन-दोन आकडे. एकच कॉर्ड पहिल्या कडव्यात एका खुणेने, तर दुसऱ्यात निराळ्याच खुणेने. अक्षर बारीक, त्यात नक्षीदार. आपण शिकलो ते सारे बाबांच्या चरणी वाहावे, असे त्याला मनापासून वाटत होते. त्या भावनेत खोटे काहीच नव्हते.

तालमीही छान चालल्या होत्या. गिटार वाजवणाऱ्या लविनाच्या खांद्याशी जोएल उभा राही आणि तिच्या कानात सांगत राही, "आता त्रिकोण... कंसातलं सोडून दे गं... थांब, इथे नाही, पुढच्या मात्रेवर!" लविना मान डोलावी आणि तसे वाजवी. सगळे खूश होते.

मिस्सेला चार दिवस उरले असताना मास्तर गॅलरीत आले. गायकवृंद तिथेच बसतो, चर्चच्या मागच्या अंगाला, वर. त्यांनी जोएलचा हात धरला, त्याला जिना उतरवून वेदीसमोर नेले आणि अगदी पहिल्या बाकावर बसवले.

"इथे बसायचं. मागे वळायचं नाही, बोलायचं नाही."

"अहो मास्तर, पण लविनाला कळणार कसं..."

"एक शब्द नाही."

चार माणसांदेखत झालेला हा अपमान जोएलला फार लागला. वर गाणे सुरू झाले. पहिले कडवे कसेबसे निभावले. दुसऱ्यात गिटार एक मात्रा आधीच वळली, गाणारे बिचकले, कुणी पुढे गेले, कुणी मागे राहिले. "अरे देवा, हे काय लिहिलंय?" लविनाचा रडवेला आवाज आला आणि गाणे थांबले. बाबांचे गाणे असे मध्येच तुटलेले ऐकून जोएल बाकावरून अर्धा उठला.

मास्तर सावकाश त्याच्याशेजारी बसले. "वर्षाच्या मिस्सेला तू कुठे असणार?"

"वर. लविनाजवळ."

"आणि तुझी आई?"

जोएलची नजर बाकावरच्या रिकाम्या जागेकडे गेली. गेलेल्या माणसाच्या घरचे पहिल्या बाकावर बसतात, हा रिवाज गावात पोराटोरांनाही ठाऊक. तयारीच्या नादात तो नेमका त्याच्याच ध्यानात राहिला नव्हता.

"त्या माउलीला इथे एकटीला बसवणार होतास काय रे?" मास्तर हळू म्हणाले. "तालीम तुझ्या तोंडामुळे बरी होत होती. ते कागदावर कुठे होतं? वाजवणाऱ्याचे हात तारांवर असतात, लक्ष गाणाऱ्यांकडे असतं. त्यातून नजर वर टाकली की कोणता कॉर्ड आणि नेमका कुठे, एवढंच तिला दिसलं पाहिजे. तुला किती येतं हे त्या घटकेला कळून तिने काय करायचं? लिहिणारा जवळ नसतो, बाळा, म्हणून तर लिहून ठेवायचं. जा, तुझ्यावाचून अडणार नाही असं लिही."

जोएलने पुन्हा फाइल उघडली. अक्षर मोठे आणि साधे केले. एका कॉर्डला एकच खूण ठेवली आणि शेवटपर्यंत ती बदलली नाही. जिथे बोटे हलवायची, बरोबर त्याच अक्षराच्या माथ्यावर ती आणून बसवली. मिरवण्यासाठी घातलेले कंस काढताना त्याचा जीव तुटत होता, पण त्याने ते काढले. मग कागद लविनाच्या हाती दिला आणि काहीही न सांगता घरी परतला.

मिस्सेच्या दिवशी तो आईशेजारी बसला. मागून गाणे सुरू झाले तेव्हा त्याच्या मुठी आवळलेल्या होत्या. प्रत्येक बदलापाशी त्याचा श्वास अडके, आणि गाणे सुखरूप पुढे जाई. तिसऱ्या कडव्यात चाल वर चढली, आणि विहिरीवर अंघोळ करताना बाबा हीच ओळ गुणगुणत असत, हे त्याला एकाएकी आठवले. इतके महिने ती ओळ रोज डोळ्यांसमोर असून त्याने ती ऐकलीच नव्हती. वर्षभर न आलेले रडू त्याला आता आले. आईने समोरची नजर न हलवता आपला रुमाल त्याच्या हातात दिला, आणि शेवटचे कडवे दोघांनी मिळून ऐकले.