निद्रिस्त राज्याची ग्रंथरक्षिका

एका राज्यात एक महाग्रंथ होता. नदीने कुठे वळावे, बाभळीला काटे किती यावे, सारे त्यात लिहिलेले. आणि लिहिले तसेच घडे. पण करालनाथ नावाच्या मायाव्याने त्यात चोरटे मंत्र पेरले होते. संधी मिळताच मंत्र उडी मारी, दुसऱ्या ओळीत घुसे आणि ती ओळ मोडे. एकदा अशाने साऱ्या विहिरींत वाळू भरली होती. ग्रंथशाळेतले लेखक डोळ्यांत तेल घालून पहारा देत, म्हणून मंत्र दबून राहत.

पुढे मोठा दुष्काळ पडला. राजा धवलकेतूने योगनिद्रेची आज्ञा दिली. बारा वर्षे सारी प्रजा अन्नपाण्यावाचून निजणार होती. ग्रंथ त्याने हेमकलेच्या हाती दिला. ती ग्रंथशाळेची रक्षिका, पन्नाशीची, मितभाषी.

"एकटी जागशील?"

"जागेन, महाराज."

राज्य निजले आणि तिसऱ्याच दिवशी करालनाथ दारात उभा राहिला. "निजल्या घराला राखण कसली?" असे म्हणून त्याने फुंकर घातली. पानापानांत मंत्र वळवळू लागले.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "हेमकले, तीन कामे कर. मंत्राचे एक अक्षर कापून घे. ते आपले कूळ ओळखते, मंत्र जिथे लपेल तिथे जाऊन बसते. ते बसेल ते पान दुमडून लाखेने बंद कर. आणि हे रोज कर."

अक्षरे कापताना हेमकलेची बोटे भाजली. लाख संपली तेव्हा ती रानात जाऊन नवी लाख काढायला पळसावर चढली. पण सर्वांत कठीण होते ते तिसरे काम, हे रोज करण्याचे.

सातव्या वर्षी करालनाथ गोड बोलला, "बाई, थकलीस. एक दिवस विसावा घे. एका दिवसाने काय बिघडते?"

"एका दिवसात एक मंत्र सुटतो, एकाचे दोन होतात. तुला ठाऊक आहे, म्हणूनच विचारतोस."

मंत्र हलेनात, तसे करालनाथाचे बळ आटत गेले. बाराव्या वर्षी तो विरून गेला आणि त्याच घटकेला मंत्रांची शाई कायमची सुकली.

पाऊस आला, राज्य जागे झाले. धवलकेतूने पानांवरची लाख फोडून सात दिवस बसून ग्रंथ वाचला. एक मात्राही हलली नव्हती.

"राज्य तर निजले होते, हेमकले!"

"राज्य निजले होते, महाराज. राखण नव्हे." तिची मान ताठ होती.

मग हेमकलेने बारा वर्षांनी पाठ टेकली. ती जागी होईपर्यंत राजा स्वतः तलवार घेऊन तिच्या दाराशी उभा राहिला.